धर्मानंद कोसंबी : मूळ ग्रंथांपर्यंतचा प्रवास

अकरावीला तत्त्वज्ञान किंवा पाली हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याचे पालक भेटावयास आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : याचा पुढे उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हीरक महोत्सवाच्या या अंकात आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र सांगावेसे वाटले. ज्या विषयाला आज शाळेत वर्ग आहे, पाठ्यपुस्तक आहे आणि शिक्षकही आहेत, तो विषय शिकण्यासाठी या माणसाला निम्मा आशिया पालथा घालावा लागला.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. पोर्तुगीज अमलातील त्या खेड्यात शिक्षणाची सोय तुटपुंजी होती. जे शिकले ते थोडे मराठी शाळेत आणि बरेचसे स्वतःच्या वाचनातून. नारळाच्या बागा सांभाळणाऱ्या या तरुणाच्या हाती 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचा अंक आला आणि त्यातील बुद्धचरित्राने त्याचे मन व्यापून टाकले. एका बालमासिकातील लेखाने आयुष्याची दिशा ठरावी, याचे आम्हा शिक्षकांना फार अप्रूप वाटते.

१८९९च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. चरित्रकार हा प्रसंग गौरवाने सांगतात. मला तो तितक्या सहजपणे सांगता येत नाही. ज्ञानाच्या या प्रवासाची किंमत बाळाबाईंनीही मोजली आहे आणि तिची नोंद कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाही.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन घेऊन, काशीला अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने ते नेपाळात गेले आणि निराश होऊन परतले. बुद्धगयेहून पुढे सिलोनची वाट धरली. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी १९०२मध्ये त्यांच्या पाली अध्ययनाचा खरा आरंभ झाला.

तेथील आहार मानवेना, म्हणून ते मद्रासला आले. हा मुक्काम लहान, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. मद्रासमध्ये त्यांना सिंगारवेलू आणि प्राध्यापक लक्ष्मी नरसू यांचा सहवास लाभला. नरसू हे विज्ञानाचे अध्यापक. बौद्ध धर्माकडे ते बुद्धीच्या कसोटीवर पाहत. सिंगारवेलू पुढे कामगार चळवळीचे अग्रणी झाले. नरसूंच्या बौद्ध धर्मावरील इंग्रजी ग्रंथाची नवी आवृत्ती १९४८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रस्तावना लिहून प्रसिद्ध केली. धर्माचे अध्ययन म्हणजे केवळ श्रद्धेचे पाठांतर नव्हे, हे जाणणारी मंडळी कोसंबींना त्या नगरीत भेटली. आमच्या बारावीच्या मुलांची सहल चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या कोवलम या कोळ्यांच्या गावी गेली होती, तेव्हा त्या लहानशा किनाऱ्यावर मंदिर, दर्गा आणि चर्च पाहून मुलांनी विचारलेल्या प्रश्नांनी परतीचा प्रवास पुरला नाही. पाठ्यपुस्तकाच्या एका धड्यात त्यांची उत्तरे मावणारी नव्हती.

ब्रह्मदेशातील साधनेनंतर कोसंबी स्वदेशी परतले आणि कलकत्त्यास पाली शिकवू लागले. तेथे चांगले वेतन मिळत होते. परंतु बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहून काम करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा त्यांनी कलकत्ता सोडले. मराठी माणसाला ही विद्या मराठीतून मिळावी, एवढाच त्यांचा हिशेब होता. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले त्यामागे त्यांचा आणि डॉ. भांडारकरांचा प्रयत्न होता. १९१२पासून सहा वर्षे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली.

तत्पूर्वी १९१०मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले होते. हेन्री वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे संपादन पूर्ण करावयाचे होते. संपादक म्हणून नाव कोणाचे, या वादात ते काम अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण पुढे ते पुन्हा गेले आणि काम तडीस नेले.

'भगवान बुद्ध' या त्यांच्या ग्रंथात त्यांची अभ्यासपद्धती स्पष्ट दिसते. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. कोसंबींनी प्राचीन पाली ग्रंथ तपासून ती बाजूस ठेवली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी गृहत्यागाचा संबंध जोडला. त्यांचा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला असे नाही. बुद्धाच्या आणि प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयी त्यांनी जे लिहिले, त्यावरून तर मोठा वाद उसळला. ज्याच्यावर आयुष्यभर श्रद्धा ठेवली त्याच्याच चरित्रातील लाडकी कथा पुराव्याअभावी बाजूस ठेवणे, हे धैर्य वर्गात कसे शिकवावे, हा मला आजही पडणारा प्रश्न आहे. निदान मुलाने एखादी कथा कोठून आली असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये, एवढे तरी आम्हाला करता येते.

१९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. पुढे मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला. अखेरच्या काळात शरीर थकल्यावर सेवाग्राम येथे त्यांनी अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. त्यांच्या स्मरणार्थ पाली शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना सिलोनला पाठविण्याच्या योजनेत गांधीजींनी लक्ष घातले. हार्वर्डचा 'विसुद्धिमग्ग' छापून बाहेर पडला तो १९५०मध्ये, आणि त्यावर वॉरन यांच्यासमवेत धर्मानंदांचेही नाव होते.