नोकरांना भागीदार करणारे दुकानदार: जॉन स्पेडन लुईस

वडिलांच्या दुकानाचा हिशेब पाहताना तरुण स्पेडन यांना एक गोष्ट खटकली. वडील आणि दोन मुलगे मिळून धंद्यातून जेवढी रक्कम घेत होते, तेवढा दुकानातल्या सुमारे ३०० नोकरांचा एकत्रित पगारही होत नव्हता.

हे दुकान लंडनमधलं. जॉन लुईस यांनी १८६४ साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवर कापडाचा धंदा सुरू केला. माणूस कष्टाळू, पण हात आखडता. १८८५ मध्ये जन्मलेले स्पेडन १९ व्या वर्षी दुकानात आले आणि २१ व्या वर्षी त्यांना धंद्यातला चौथा हिस्सा मिळाला. १९०९ मध्ये घोड्यावरून पडून फुप्फुसाला इजा झाली आणि त्यांना बराच काळ घरी बसावं लागलं. नोकरांना नफ्यात वाटा देण्याची कल्पना याच काळात पक्की झाली.

१९१४ मध्ये वडिलांनी त्यांच्याकडे पीटर जोन्स हे डबघाईला आलेलं दुकान सोपवलं. अट अशी, की संध्याकाळी ५ पर्यंत काम ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच करायचं. म्हणजे दिवसा वडिलांची पद्धत, संध्याकाळी स्वतःची! स्पेडन यांनी कामाचे तास कमी केले, पगारी सुट्टी वाढवली, कर्मचाऱ्यांच्या समित्या नेमल्या. वडिलांना हे पटणं शक्यच नव्हतं. १९१६ मध्ये वाद विकोपाला गेला, तेव्हा स्पेडन यांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या भरभराटीच्या दुकानातला आपला हिस्सा सोडला आणि बदल्यात पीटर जोन्स घेतलं. पाचेक वर्षांत ८,००० पौंडांच्या तोट्याच्या जागी २०,००० पौंडांचा नफा दिसू लागला.

१९२० साल बोलकं आहे. वडिलांच्या दुकानात संप झाला आणि संपकऱ्यांना परत घेतलं गेलं नाही. त्याच वर्षी पीटर जोन्समधल्या लोकांना सुमारे सात आठवड्यांच्या पगाराइतका नफ्यातला वाटा मिळाला.

वडील १९२८ मध्ये वारले आणि दोन्ही दुकानं स्पेडन यांच्याकडे आली. १९२९ मध्ये त्यांनी मालकी विश्वस्त निधीकडे सोपवली. १९५० मध्ये दुसऱ्या दस्ताने ती व्यवस्था कायमची झाली. कर्मचारी 'पार्टनर' म्हणवले जाऊ लागले. नफा पगाराच्या प्रमाणात वाटायचा, त्यामुळे वरच्यांचा वाटा अर्थातच मोठा. शेअर मात्र कुणालाच विकता येत नाहीत, म्हणून कंपनी बाहेरच्याच्या हाती जात नाही. दुकानाच्या 'गॅझेट' या पत्रिकेत नाव न देता साहेबांवर टीका करण्याचीही मुभा होती.

याला लोकशाही म्हणणं जरा जास्तच होईल. अंतिम शब्द अध्यक्षांचा, आणि अध्यक्ष स्वतः स्पेडन! १९५५ मध्ये ते नियमाप्रमाणे निवृत्त झाले, पण बाजूला बसून राहणं त्यांना जमलं नाही. नव्या कारभारावर ते नाराजच राहिले. १९६३ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची योजना अजून चालू आहे. २०२१ मध्ये मात्र, कोरोनाच्या फटक्यानंतर, १९५३ नंतर पहिल्यांदाच पार्टनरना बोनस मिळाला नाही.