टिलबरी गावचा कवी

अमेरिकेच्या मेन राज्यातील हेड टाइड या खेड्यात २२ डिसेंबर १८६९ रोजी एका लाकूड-व्यापाऱ्याच्या घरी तिसरा मुलगा जन्मास आला. आईबापांना मुलगी हवी होती; त्यामुळे सहा महिने झाले तरी बाळाचे नावच ठेवलेले नव्हते! अखेर हवापालटाच्या ठिकाणी जमलेल्या पाहुण्यांनी चिठ्ठ्या टाकून त्याचे नाव एडविन ठेवले. हे चिठ्ठीतले नाव एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सन याला कधीच आवडले नाही.

पुढे हे कुटुंब गार्डिनर या गावी राहावयास गेले. वडील वारले, घरची संपत्ती गेली आणि १८९३ साली एडविनला हार्वर्ड विद्यापीठ सोडावे लागले. गावी परतल्यावर तो कविता लिहीत बसे. १८९६ साली त्याने पदरचे बावन्न डॉलर खर्चून आपल्या कवितांच्या ३१२ प्रती छापविल्या. आईला ते पुस्तक अकस्मात दाखवावे, अशी त्याची फार इच्छा होती. परंतु घटसर्पाने आई वारली आणि त्यानंतर काही दिवसांनी पुस्तके घरी आली.

गार्डिनरची माणसे त्याने जवळून पाहिली होती. त्यावरून त्याने टिलबरी नावाचे गाव कल्पिले आणि एकेका छोट्या कवितेत तेथील एकेक माणूस उभा केला. रिचर्ड कोरीवरील त्याची कविता अवघ्या सोळा ओळींची आहे. कोरी धनवान, देखणा आणि विनयशील. पण कवी हे स्वतः सांगत नाही. रस्त्यावरून त्याच्याकडे टक लावून पाहणारे गरीब गावकरी ते सांगतात. आपण त्याच्या जागी असतो तर, असे त्यांना वाटते. शेवटी मात्र त्याचे दुःख एकाएकी उघडे पडते, आणि ज्याचा हेवा केला त्याला आपण कधी ओळखलेच नव्हते, हे गावाच्या ध्यानी येते. त्या दुःखाचे कारण कवी सांगत नाही. म्हणूनच वाचकाच्या मनातून कोरी जात नाही. मिनिव्हर चीव्ही हा दुसरा टिलबरीकर. आपण जुन्या शूर सरदारांच्या काळी जन्मलो नाही म्हणून तो उसासे टाकतो आणि काम मात्र काहीच करीत नाही! त्याचे हसू येते, आणि कीवही.

कवितांनी पोट भरेना. न्यूयॉर्क येथे भुयारी रेल्वे खणली जात असता रॉबिन्सन दिवसाचे दहा तास मजुरांच्या वेळेची नोंद ठेवू लागला. कवीला याहून विजोड काम कोणते? सुदैवाने राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या मुलाने त्याचे पुस्तक वाचले आणि वडिलांना दाखविले. रूझवेल्टांनी १९०५ साली त्याला जकात कचेरीत नोकरी दिली. ती त्याने १९०९ पर्यंत केली.

पुढे १९२२, १९२५ व १९२८ या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. रुग्णशय्येवरही तो आपल्या अखेरच्या पुस्तकाची मुद्रिते तपाशीत होता. ६ एप्रिल १९३५ रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या अस्थी गार्डिनरलाच नेण्यात आल्या.