हाफकिन आणि मलकोवालची बाटली

परळच्या ज्या संस्थेला त्यांचे नाव लाभले, ते वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली आणि १८९२ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. पुढील वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. गिरण्यांतील रत्नागिरीकर कामगार जीव मुठीत धरून कोकणात परतू लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत, एक कारकून व तीन शिपाई यांच्या साहाय्याने त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःवरच अजमावली.

मांसरसात ते प्लेगचे जंतू वाढवीत. वर तरंगणाऱ्या तुपाच्या थेंबांना जंतूंची वाढ लोंबत्या तंतूंसारखी दिसे. तीच प्लेगच्या जंतूंची ओळख. पुढे उष्णतेने जंतू मारून त्यात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. मागणी वाढल्यावर मात्र आम्ल वगळून केवळ उष्णतेवर विसंबणारी पद्धत त्यांनी स्वीकारली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. प्लेगचे जंतू ज्या उष्णतेने मरतात, तीत धनुर्वाताचे बीजाणू तग धरू शकतात. बाटली परळलाच दूषित झाली, असा ठपका चौकशी आयोगाने ठेवला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले.

दोष प्रयोगशाळेचा की गावातील हाताळणीचा, हा प्रश्न मात्र मिटला नाही. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते बाटलीत आधीपासून वाढले असते, तर उघडताना दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये ही बाजू जाहीरपणे मांडल्यावर हाफकिन दोषमुक्त झाले. तोवर पाच वर्षे उलटली होती.

संवर्धनात परका जंतू शिरला का, आणि नेमका कोठे शिरला, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत मायकोप्लाझ्मा शिरला, तरी पोषक द्रव गढूळ होत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही तो सहसा कळत नाही. म्हणून दिसण्यावर न विसंबता नियमित स्वतंत्र चाचणी करावी लागते, नव्या पेशी आधी वेगळ्या ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक टप्प्याची नोंद राखावी लागते.

दोषमुक्त झाल्यावर हाफकिन भारतात परतले, परंतु मुंबईस नव्हे, तर कोलकात्यास. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.