पंडिता रमाबाई : धर्मग्रंथ, मंडळीचा अधिकार आणि विवेकबुद्धी

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्राची मांडणी मराठीत प्रामुख्याने दोन अंगांनी झाली आहे. समाजसुधारणेच्या इतिहासात त्या स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी म्हणून येतात. मात्र त्यांच्या धर्मांतरापाशी आल्यावर हा इतिहास अडखळतो. ख्रिस्ती चरित्रवाङ्मयात धर्मांतर हाच जीवनाचा कळस मानला जातो. त्यामुळे बाप्तिस्म्यानंतर त्यांनी आपल्याच धर्मबांधवांशी घातलेला वाद तेथे पुसट होतो. अ. भि. शहा यांनी संपादिलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या वादाचे स्वरूप अभ्यासकांसमोर तपशिलाने आले. धर्मग्रंथाचा अर्थ कोणी लावावा, मंडळीच्या अधिकाराला मर्यादा आहे काय आणि व्यक्तीच्या श्रद्धेची अंतिम साक्ष कोणती, हे तीन प्रश्न या वादाच्या मुळाशी होते. रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील सर्वांत मोठे वाङ्मयीन कार्य, म्हणजे त्यांचे मराठी बायबल, या प्रश्नांशी जोडून पाहिल्याखेरीज नीट समजत नाही.

१. शास्त्राधाराचा वारसा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्मनिष्ठ वैष्णव आणि संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना धर्माधिकाऱ्यांचा रोष ओढवून घ्यावा लागला. उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे आपली बाजू त्यांनी शास्त्रवचनांच्याच आधारे मांडली. रूढीच्या अधिकाराला धर्मग्रंथाच्या आधाराने उत्तर देण्याची ही रीत रमाबाईंना घरातूनच मिळाली होती. वेद मात्र स्त्रियांना वर्ज्य, ही मर्यादा अनंतशास्त्र्यांनीही पाळली होती.

पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे फिरणाऱ्या या कुटुंबावर दारिद्र्य आणि दुष्काळ यांनी घाला घातला. १८७४ च्या सुमारास थोड्या महिन्यांच्या अंतराने आईवडील व थोरली बहीण यांचे निधन झाले. रमाबाई आणि बंधू श्रीनिवासशास्त्री पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली, ती याच काळात. स्त्रीला वेदाधिकार नाही हे ठाऊक असलेल्या रमाबाई प्रथम बिचकल्या; पण त्यांनी वाचनास आरंभ केला. धर्मशास्त्रांच्या अध्ययनातून त्यांना एक गोष्ट दिसून आली : ग्रंथ परस्परांशी अनेक बाबतींत विसंगत असले, तरी स्त्री आणि शूद्र यांच्या मोक्षाधिकाराविषयी त्यांचा सूर बहुतेक एकच आहे. त्यांची परंपरागत श्रद्धा ढळली ती या वाचनामुळे. मिशनऱ्यांचा संबंध नंतर आला.

१८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामातील सिल्चर येथील वास्तव्यात लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या वाचनात आली आणि एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून बायबलची ओळख झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली.

२. वाँटेज : बाप्तिस्मा आणि वाद

पुण्यात रमाबाईंचा परिचय पंचहौद मिशनशी संबंध असलेल्या वाँटेजच्या भगिनींशी आणि नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी झाला. गोऱ्हे हे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री. काशीच्या विद्वत्परंपरेत वाढलेल्या या पंडिताने ख्रिस्ती झाल्यावर अँग्लिकन मंडळीतील परंपरानिष्ठ पक्षाचा आश्रय केला होता. शास्त्रार्थाची भाषा जाणणारा हा मनुष्य रमाबाईंच्या शंकांना त्यांच्याच पद्धतीने उत्तर देऊ शकत होता.

वैद्यकाच्या अध्ययनासाठी रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. ऐकण्याचा दोष वाढत गेल्याने तो बेत सोडावा लागला. धर्मांतर करणार नाही, असे त्यांनी निघण्यापूर्वी इष्टमित्रांना सांगितले होते. वाँटेजच्या मठात असताना सहप्रवासिनी आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. या आघाताची छाया पुढील घटनांवर आहे. मठाच्या भगिनींनी पतित स्त्रियांसाठी लंडनजवळ फुलहॅम येथे चालविलेले सेवागृह पाहून रमाबाईंच्या मनावर खोल परिणाम झाला. ज्या स्त्रियांना धर्माने बहिष्कृत केलेले त्यांनी पाहिले होते, त्यांची सेवा येथे धर्मकार्य म्हणून होत होती. शोमरोनी स्त्री आणि येशू यांच्या भेटीची योहानाच्या शुभवर्तमानातील कथा त्यांना या संदर्भात उमगली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने वाद मिटावयाचा, तो येथे सुरू झाला. भगिनी जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या. मंडळीने शतकानुशतके जतन केलेली शिकवण नवदीक्षिताने विनम्रपणे स्वीकारावी आणि समज मागाहून यावी, अशी त्यांची धारणा होती. रमाबाईंना हा क्रम मान्य नव्हता. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, त्याचा चमत्कारिक जन्म यांविषयी त्यांना शंका होत्या. अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार त्रैक्याची काटेकोर व्याख्या करतो आणि ती न मानणाऱ्याला तारण नाही असे बजावतो. तो मतांगीकार आपल्याला बायबलमध्ये आढळत नाही, हा रमाबाईंचा मुख्य आक्षेप होता. बायबलचे वचन आणि मंडळीने केलेला त्या वचनाचा अर्थ या दोन गोष्टी त्या वेगळ्या धरीत. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीच्या सभासद आहोत. परंतु धर्मगुरू व बिशप यांच्या मुखातून येणारा प्रत्येक शब्द मानण्यास बांधलेल्या नाही, ही त्यांची भूमिका होती. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून प्रयासाने सुटलेल्या व्यक्तीने दुसरे जोखड खांद्यावर का घ्यावे, असा प्रश्न त्यांनी जेराल्डिन यांना स्पष्टपणे केला.

वाद केवळ सिद्धांतांपुरता राहिला नाही. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेले पदार्थही त्यांनी वर्ज्य केले. यात भगिनींना जात्यभिमानाचा अवशेष दिसला. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये असावीत की संस्कृतमध्ये, यावरही मतभेद झाला. लॅटिन जर भारतीय स्त्रीला परकी, तर तिच्याशीच पावित्र्य का जोडावे, ही रमाबाईंची पृच्छा होती. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकत व शिकवीत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना आली. तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी विरोध केला. असे केल्यास त्यांचे भारतीय स्त्रियांमधील वजन नाहीसे होईल, हे त्यांचे म्हणणे. भारतात पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना हा हस्तक्षेप अनाठायी वाटला. महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांकडे अधिक सहानुभूतीने पाहिले; शंका दडपण्यापेक्षा त्यांची चर्चा व्हावी, असा बील यांचा कल होता.

या वादात जेराल्डिन यांचीही बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. परंपरेविना प्रत्येकाने धर्मग्रंथाचा अर्थ स्वतः लावला, तर मंडळी म्हणून काही उरेल काय, हा त्यांचा प्रश्न जुना आणि खरा होता. रमाबाईंच्या संदर्भात मात्र त्यात राज्यकर्ते आणि प्रजा, धर्ममाता आणि दीक्षित कन्या असे विषम नाते मिसळले होते. त्यामुळे आज्ञापालनाचा आग्रह धार्मिक किती आणि सांस्कृतिक किती, हे वेगळे करणे अवघड होते.

३. शारदा सदन : स्वातंत्र्याची दुसरी बाजू

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे कोणत्याही एका मंडळीचा अंकुश त्यांच्यावर नव्हता. १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ संस्था स्थापन झाली; तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. या पाठबळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, विद्यार्थिनींना आपापले आचार पाळता येतील, असे धोरण ठरले होते.

रमाबाईंची स्वतःची श्रद्धा मात्र याच काळात बदलत होती. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. धर्मगुरू असूनही आपले अंतःपरिवर्तन झाले नव्हते, हे हॅस्लमने त्यात सांगितले आहे. आपणही धर्म स्वीकारला, परंतु त्या धर्माच्या केंद्रस्थानी असलेल्या ख्रिस्ताशी आपले नाते जुळले नाही, ही जाणीव रमाबाईंना झाली. वाँटेजच्या युक्तिवादांनी जे पटले नव्हते, ते त्यांनी स्वानुभवाच्या वाटेने स्वीकारले. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीचा त्यांचा संशय पुढे उरला नाही. पण तो मंडळीच्या आज्ञेने गेला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

या नव्या श्रद्धेतून सदनात पेच उभा राहिला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. ज्या मोकळिकीवर आपण हक्क सांगितला तीच मुलींना दिली आहे, अशी त्यांची धारणा होती. पालकांच्या दृष्टीने प्रश्न विश्वासाचा होता. बालविधवा मुलगी ज्या आश्वासनावर सदनात पाठविली, ते पाळले गेले काय, हे त्यांचे विचारणे रास्त होते. शिवाय शिक्षिकेवर सर्वस्वी अवलंबून असलेल्या अल्पवयीन मुलीची निवड कितपत स्वतंत्र मानावी, हेही सोपे नव्हते. ‘केसरी’तून टीकेचा भडिमार झाला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. विवेकस्वातंत्र्याचे तत्त्व अधिकार गाजविणाऱ्यांविरुद्ध मांडणे आणि स्वतः अधिकाराच्या जागी असताना ते राबविणे यांतील अंतर या प्रकरणात उघड झाले. रमाबाईंच्या चरित्रातील हा सर्वांत अवघड प्रसंग म्हणावा लागेल.

४. मुक्ती आणि मराठी बायबल

१८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून रमाबाईंनी अनाथ मुली व स्त्रिया आणल्या. केडगाव येथील मुक्ती सदनाची संख्या त्यामुळे सुमारे २००० वर गेली. आता हे उघडपणे ख्रिस्ती कार्य होते, पण कोणत्याही एका मंडळीच्या ताब्यात नव्हते. १९०५ च्या जूनमध्ये तेथे धार्मिक पुनर्जागृतीची लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या. काही अनाकलनीय भाषांत बोलू लागल्या. अनेक मिशनऱ्यांना हा उन्माद वाटला. पवित्र आत्मा भारतीय स्त्रियांना पाश्चात्त्य शिस्तीतच बोलू देईल असे मानण्याचे कारण नाही, अशा आशयाचे समर्थन रमाबाईंनी केले. लॅटिन अक्षरांवरून वीस वर्षांपूर्वी घातलेल्या वादाचाच हा पुढचा टप्पा होय.

याच भूमिकेची परिणती बायबलच्या भाषांतरात झाली. विल्यम कॅरीच्या श्रीरामपूर येथील मराठी नव्या करारापासून (१८११) मराठी बायबलची परंपरा सुरू होती आणि बाबा पदमनजींसारख्या जाणत्या लेखकाचा हात तिच्या सुधारणेस लागला होता. प्रचलित भाषांतर रमाबाईंना दोन कारणांनी अपुरे वाटले. त्यातील संस्कृतप्रचुर मराठी मुक्तीतील अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नव्हती. आणि त्यातील अनेक संज्ञांमागे हिंदू तत्त्वज्ञानाचे व उपासनेचे अर्थ दडलेले होते. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ ग्रंथांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्याचे काम सुमारे दीड तप एकटीच्या जबाबदारीवर केले. अक्षरजुळणी आणि छपाई मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी केली. मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या आग्रहामुळे या भाषांतराची वाक्यरचना पुष्कळदा अवघडते, हा त्याचा दोष खराच. तरीही संस्कृत पंडितेने संस्कृतचा मोह जाणीवपूर्वक टाळावा, यामागील विचार महत्त्वाचा आहे. ज्या भाषेने स्त्रीला वेदापासून दूर ठेवले, तिची छाया दुसऱ्या धर्मग्रंथावर पडू नये, असा त्याचा अर्थ लावता येतो.

समकालीन ना. वा. टिळक यांच्याशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. टिळकांनीही मिशनच्या चौकटीबाहेर पडून अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. परंतु त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि संतपरंपरेची भाषा आपलीशी केली. रमाबाईंनी वारशाने आलेली धार्मिक परिभाषा गाळून टाकण्याचा मार्ग धरला. मंडळीच्या अधिकाराविषयी दोघांचा अनुभव जवळचा, भाषेविषयीचा निर्णय मात्र परस्परविरुद्ध. टिळकांची वाट मराठी काव्याला अधिक फलदायी ठरली. निरक्षरतेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या वाचकाचा विचार रमाबाईंच्या वाटेवर अधिक झाला.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रमाबाईंची श्रद्धा आयुष्यभर एकाच जागी राहिली नाही : वैष्णव आचार, ब्राह्मो एकेश्वरवाद, शंकांसह स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म आणि अखेर धर्मग्रंथाच्या शब्दावरील अढळ निष्ठा अशी तिची स्थित्यंतरे झाली. या सर्वांतून एक आग्रह टिकला. ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये उभे राहण्याचा हक्क त्यांनी पुरोहिताला, बिशपाला किंवा धर्ममातेला दिला नाही. वाँटेजमध्ये हा आग्रह एका स्त्रीने स्वतःपुरता धरला होता. केडगावच्या छापखान्यात तो तिने इतर स्त्रियांच्या हाती ग्रंथरूपाने दिला. शारदा सदनाच्या प्रकरणात त्याच आग्रहाची मर्यादाही दिसली. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या, तर सुधारक रमाबाई आणि ख्रिस्ती रमाबाई अशी विभागणी करण्याचे कारण उरत नाही.