पडद्याआडच्या लेकरांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

वाचकहो, घरातील कर्ता पुरुष अल्लाला प्यारा झाला की मागे राहिलेल्या लेकरांचे काय होते, हे आपणापैकी अनेकांनी जवळून पाहिले असेल. चाळिसावा होईपर्यंत घरात नातेवाइकांची वर्दळ असते. त्यानंतर जमिनीच्या कागदांची चर्चा सुरू होते. यतिमाच्या मालमत्तेविषयी पवित्र कुराणाने किती कडक ताकीद दिली आहे, हे सूरह निसा वाचणाऱ्यास सांगावयास नको. तरीही विधवेचा अंगठा कोऱ्या कागदावर उमटतो आणि लेकरांचा हक्क दुसऱ्याच्या घरात जातो. अशा लेकरांसाठी व त्यांच्या मातांसाठी ज्यांनी आयुष्याची वीस वर्षे खर्ची घातली, त्या कॉर्नेलिया सोराबजी यांची ओळख आज आपणास करून द्यावयाची आहे. त्या आपल्या समाजाच्या नव्हत्या, पण आपल्या महाराष्ट्राच्या होत्या, आणि हिंदूंच्या व मुसलमानांच्या जनानखान्याचा दरवाजा त्यांना सारखाच उघडा होता.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खर्सेटजी हे मूळचे पारशी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई फ्रान्सिनाबाई यांना शिक्षणाची विलक्षण तळमळ. त्यांनी १८७६ साली पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केले, आणि पुढे मराठी व उर्दू बोलणाऱ्या मुलांसाठीही शाळा काढल्या. या घरात मुली ओझे मानल्या जात नव्हत्या. एक बहीण सुसी शिक्षिका झाली व तिने पुण्यात सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा काढली. दुसरी, अॅलिस, डॉक्टर झाली. पालकहो, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आहे, हे ध्यानात घ्यावे.

कॉर्नेलिया लहान असताना त्यांच्या आईकडे एक श्रीमंत पडदानशीन विधवा मदत मागावयास आली. तिच्या कारभाऱ्याने विश्वासाने तिची सही घेतली होती आणि त्या सहीच्या जोरावर तिची मालमत्ताच गिळली होती. परक्या पुरुषापुढे यावयाचे नाही, मग वकिलाला सांगणार कसे? आईने मुलीला समजावले की अशा बायांना मदत करावयाची असेल तर कायदा शिकला पाहिजे. ही गोष्ट त्या बालमनात कायमची रुजली.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. पदवी परीक्षेत त्यांनी इतके गुण मिळविले की विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचाच हक्क होता. पण ही शिष्यवृत्ती बाईला देता येत नाही, असे ठरले. विद्यार्थिनींनो, अशा वेळी आपण काय केले असते? कॉर्नेलियाबाई अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात गेल्या आणि तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविले. पुढे इंग्लंडमधील काही सहृदय मंडळींनी वर्गणी जमवून त्यांची सोय केली. त्यांत प्रसिद्ध परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हात होता.

१८८९ साली त्या ऑक्सफर्डला सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. १८९२ साली बी. सी. एल. या कायद्याच्या परीक्षेला बसण्याची वेळ आली, तेव्हा पुरुषांबरोबर बाईची परीक्षा घेण्यास विरोध झाला. अखेर विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना बसू दिले. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नसे. १९२० साली नियम बदलला आणि १९२२ साली, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी, त्यांनी आपली पदवी घेतली.

हिंदुस्थानात परतल्यावर दुसरी भिंत उभी होती. १८९६ साली पुण्यात एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या. ब्रिटिश न्यायालयात बाजू मांडणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. पण ती केवळ खास परवानगी होती. मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्. बी. झाली, १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही झाली, तरी सनद मिळेना. काठियावाडच्या संस्थानांत बायकांचे अर्ज लिहून देणे, सल्ला देणे, एवढ्यावर त्यांना समाधान मानावे लागले.

मग त्यांनी सरकारकडे दुसऱ्याच मार्गाने धरणे धरले. पडदानशीन स्त्रिया व अज्ञान मुले यांच्यासाठी सरकारने स्त्री सल्लागार नेमावी, अशी मागणी त्यांनी १९०२ पासून लावून धरली. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये त्यांची नेमणूक झाली. लवकरच बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढा प्रचंड मुलूख त्यांच्या कामाखाली आला.

हे कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. एखादा जमीनदार मुले लहान असताना वारला, तर सरकार त्या इस्टेटीचा कारभार ताब्यात घेई. वसुली, विधवेचा तनखा, मुलांचे शिक्षण, मुलींची लग्ने, सर्व सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती. परंतु साहेब पडद्याच्या बाहेर आणि बाई आत. मध्ये बोलणारा कोण? दीर, कारभारी किंवा पुरोहित! ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच निरोप पोहोचविणार. कॉर्नेलियाबाई रेशमी साडी नेसून सरळ पडद्याच्या आत जात. आगगाडी, होडी, पालखी, हत्ती, जे वाहन मिळेल त्याने त्या दूरदूरच्या वाड्यांवर पोहोचत. बाईच्या शेजारी बसून कागद वाचून दाखवीत, त्याचा अर्थ सांगत, तिचे म्हणणे लिहून घेत आणि तसा अहवाल वरिष्ठांकडे पाठवीत.

लेकरांच्या बाबतीत हे काम अधिकच नाजूक होते. इस्टेटीचा वारस पाच-सहा वर्षांचा पोर. तो गेला तर फायदा कोणाचा, हे सर्वांना ठाऊक. कित्येक आयांना आपल्या मुलाला विषप्रयोग होईल अशी धास्ती असे. कोठे आई व आजी यांच्यात मुलाच्या ताब्यावरून वैर, कोठे दत्तक वारसावरून भांडण. अशा वेळी मूल कोणाजवळ राहील, त्याच्यावर देखरेख कोणाची, त्याला शाळेत केव्हा पाठवावे, हे सर्व त्या पाहत. जमेल तेथे घरातल्या घरात समेट घडवून आणीत. सुमारे सहाशेहून अधिक स्त्रिया व मुले यांना त्यांचा आधार मिळाला असे सांगतात. १९०९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले.

त्यांचा हा काळ आपल्या कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने मुलाच्या हिताला प्रमुख स्थान दिले. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही न्यायालय विचारात घेऊ शकते. न्यायालयाने नेमलेला पालक परवानगीवाचून मुलाची स्थावर मिळकत विकू शकत नाही. १९१८ साली इमामबांदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, मुस्लिम कायद्यात लेकराला सांभाळण्याचा आईचा हक्क वेगळा आणि त्याच्या मिळकतीचे पालकत्व वेगळे. केवळ आई म्हणून तिला मुलाची जमीन विकता येत नाही. हा निकाल न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांनी लिहिला. म्हणून पतीच्या पश्चात मुलांच्या जमिनीचा व्यवहार करावयाचा तर आईने आधी न्यायालयाकडून रीतसर नेमणूक करून घ्यावी लागते. ही माहिती किती घरांत असते?

वकिलीचा दरवाजा कॉर्नेलियाबाईंसाठी फार उशिरा उघडला. १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. १९२३ साली स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी लंडनच्या लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टर झाल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्नच्या घरात होते. कलकत्त्यास त्यांनी काम सुरू केले, पण तेथेही पुरुषी पूर्वग्रह आड आला. उलटतपासणीपेक्षा लेखी मत देण्याचेच काम अधिक वाट्याला आले. १९२९ साली त्या लंडनला स्थायिक झाल्या. ६ जुलै १९५४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. २०१२ साली लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला.

वाचकहो, थोरांच्या चरित्रातील दुसरी बाजू झाकून ठेवणे शिक्षकाला शोभत नाही. कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या कट्टर समर्थक होत्या. स्वराज्याच्या चळवळीला त्यांनी विरोध केला. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईने हिंदुस्थानची बदनामी करणारे पुस्तक लिहिले, तेव्हा साऱ्या देशात संतापाची लाट उसळली असता यांनी तिची बाजू घेतली. त्यामुळे लोक त्यांच्यापासून दुरावले आणि पडदानशीन स्त्रियांमध्ये आरोग्य व बालसंगोपनाचे जे काम त्यांनी उभे केले होते त्यालाही मोठा धक्का बसला. ज्या समाजाची सेवा करावयाची त्याच्या स्वाभिमानाची कदर राहिली नाही, तर केलेल्या सेवेवरही पाणी पडते, हा धडा त्यांच्याच आयुष्यातून घ्यावा लागतो.

आज कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स राहिले नाही, जमीनदारी गेली, १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालये आली. परंतु न वाचता सही करणारी आई अजून आहे, आणि तलाक किंवा मृत्यूनंतर दोन घरांच्या ओढाताणीत सापडलेले मूलही आहे. पालकहो, मुलीला केवळ नाव लिहिण्यापुरते शिकवून थांबू नका. सातबाराचा उतारा, बँकेचा कागद, न्यायालयाची नोटीस तिला स्वतः वाचता आली पाहिजे. आणि मुलींनो, तुमच्यापैकी काहींनी कायद्याच्या महाविद्यालयाची वाट जरूर धरावी. नाशिकला जन्मलेल्या एका मुलीला सनदेसाठी वीस वर्षांहून अधिक काळ दारात उभे राहावे लागले. ते दार आता तुमच्यासाठी उघडे आहे. आपल्याच मोहल्ल्यातील एखाद्या यतिमाच्या वतीने आपल्यातीलच एक लेक न्यायालयात उभी राहील, तो दिवस परवरदिगार आपणास लवकर दाखवो!