वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिविज्ञानतज्ज्ञ, कर्करोग संशोधक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारतातील विकृतिविज्ञान व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. त्यांनी उभारलेल्या संशोधन संस्थेचा वारसा आज रायगड जिल्ह्यातील खारघर येथे चालू आहे.

शिक्षण व अध्यापन

खानोलकर यांनी लंडन विद्यापीठातून वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२३ साली विकृतिविज्ञानात एम.डी. ही पदवी मिळवली. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय येथे विकृतिविज्ञानाचे अध्यापन केले. १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोगविषयक संशोधन

कर्करोग हा प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील रोग असून भारतात तो विरळा आढळतो, असा समज त्या काळी प्रचलित होता. रुग्णालयातील नोंदी व ऊतींची तपासणी यांच्या आधारे खानोलकर यांनी वेगळे चित्र मांडले. रोग येथेही आहे. मात्र तो शरीराच्या कोणत्या भागात होतो, हे लोकांच्या चालीरीतींनुसार बदलते, असे त्यांना आढळले. १९४४ साली त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढील वर्षी सवयींशी निगडित तीन प्रकारांचे वर्णन त्यांच्या सहलेखनातून पुढे आले : धोतर कमरेला घट्ट नेसल्याने सतत घासल्या जाणाऱ्या त्वचेचा, चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा आणि चुना मिसळलेली तंबाखू ओठाआड ठेवणाऱ्यांच्या खालच्या ओठाचा कर्करोग. कारण सवयीत असेल तर सवय बदलून रोग टाळता येतो, हा या संशोधनाचा व्यावहारिक अर्थ होता.

इतर संशोधन

कुष्ठरोगाच्या आरंभीच्या अवस्थेत त्वचा व मज्जातंतूंमध्ये होणाऱ्या बदलांचा त्यांनी अभ्यास केला. एल. डी. सांघवी यांच्यासमवेत त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या रक्तगटांसह आनुवंशिक लक्षणांची पाहणी केली. ती १९४९ साली प्रसिद्ध झाली.

संस्थात्मक कार्य

१९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवलेल्या कमल रणदिवे यांनी या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९५८ साली कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून येथे जीवाणूंचे संवर्धन करण्यात आले. त्यांच्यापासून पुढे कुष्ठरोगप्रतिबंधक लस तयार करण्याचे प्रयत्न झाले. १९६६ साली हे केंद्र व रुग्णालय एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले.

खानोलकर १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारतीय विकृतिविज्ञान व सूक्ष्मजीवविज्ञान तज्ज्ञांच्या संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले व पद्मभूषण पुरस्काराने गौरविले.

वारसा

परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ साली खारघर येथे हलवण्यात आली. येथील संकुलातील संशोधन इमारतीला ‘खानोलकर शोधिका’ असे नाव देण्यात आले आहे.