विश्लेषण : रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध संपादकांनी वारंवार परत का पाठवला?

श्रीनिवास रामानुजन म्हटले की टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक आणि केंब्रिजच्या हार्डी यांना लिहिलेले पत्र आठवते. त्याआधीची एक झटापट मात्र फारशी सांगितली जात नाही. डोक्यात तयार असलेले गणित दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने कागदावर मांडायचे कसे, हे या पदवी नसलेल्या तरुणाला कोणी शिकवलेच नव्हते.

त्रोटक लिहिण्याची सवय कुठून लागली?

जन्म २२ डिसेंबर १८८७, इरोडचा, बालपण कुंभकोणमचे. १९०३च्या सुमारास त्यांच्या हाती जी. एस. कार यांचे पुस्तक आले. परीक्षार्थींसाठीच्या या संग्रहात सुमारे पाच हजार सूत्रे होती आणि सिद्धता बहुतेक ठिकाणी एखाद्या ओळीचा इशारा. रामानुजन यांनी गणित लिहिण्याची हीच रीत मानली.

त्यात कागद महाग. गणित पाटीवर करायचे, कोपराने पुसायचे आणि उत्तर तेवढे वहीत उतरवायचे. मधल्या पायऱ्या पाटीबरोबरच गेल्या. गणितापुढे बाकी विषय मागे पडले, कॉलेजच्या परीक्षेत नापास झाले आणि पदवी राहिली ती राहिलीच.

जर्नल कोणते होते?

१९१० मध्ये ते कारकुनाची नोकरी मागायला डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. अय्यर यांनीच १९०७ मध्ये भारतीय गणित संस्था स्थापन केली होती. (संस्थेचे ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होते.) वह्या पाहून त्यांनी नोकरी दिली नाही, मद्रासच्या गणितज्ञांकडे पाठवले. पुढे आर. रामचंद्र राव यांनी महिना २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले.

संस्थेच्या जर्नलमध्ये १९११ साली रामानुजन यांनी वाचकांना एक प्रश्न घातला. वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ, त्याच्या पोटात आणखी एक, अशी न संपणारी राशी. तिची किंमत किती? तीन अंक निघाले तरी कोणाचे उत्तर आले नाही. शेवटी त्यांनीच दिले : ३.

त्याच वर्षी त्यांचा पहिला शोधनिबंध छापून आला. विषय होता बर्नोली संख्या. संपादक बंगळूरुचे एम. टी. नारायण अय्यंगार. निष्कर्ष नवे होते, पण मांडणी इतकी त्रोटक की सामान्य गणितज्ञाला एका ओळीवरून पुढच्या ओळीवर जाणे कठीण. अय्यंगार यांनी हस्तलिखित नाकारले नाही. दुरुस्तीसाठी पुनःपुन्हा परत पाठवले. छापील रूपातही काही विधाने सिद्धतेविना राहिली. तरीही या संपादकाच्या चिकाटीचे श्रेय कमी नाही. निबंध साभार परत करणे त्यांना सहज शक्य होते, आणि ज्याच्याकडे पदवी नाही त्याच्यासाठी छापलेला निबंध हीच ओळख होती.

लंडनहून कोणता सल्ला आला?

मार्च १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची कारकुनी मिळाली. तिथले मुख्य हिशेबनीस एस. नारायण अय्यर स्वतः गणिती. संध्याकाळी दोघे पाट्या घेऊन बसत आणि लोकांना कळेल इतक्या पायऱ्या लिही, असा अय्यर यांचा धोशा असे. १९१२च्या अखेरीस लंडनच्या प्रा. हिल यांनीही कामावर मत दिले : लेखन स्वच्छ व बिनचूक हवे आणि अर्थ न सांगितलेली चिन्हे नकोत. अनंत श्रेणींच्या बाबतीत रामानुजन घसरले आहेत, असेही त्यांनी कळवले. यात काही निष्कर्षांवर अन्याय झाला; मांडणीचा सल्ला मात्र योग्यच होता.

केंब्रिजमध्ये काय बदलले?

१९१४ मध्ये ते केंब्रिजला पोहोचले. तिथे हार्डी यांनी सिद्धतेची शिस्त लावली; तीही बेताने, कारण फार दामटले तर ऊर्मीच आटेल ही त्यांना धास्ती. १९१५चा अतिविभाज्य संख्यांवरील निबंध लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने छापला तो ६३ पानांचा. तोही पूर्ण नव्हे. युद्धकाळात सोसायटीची आर्थिक ओढाताण असल्याने उरलेला भाग गाळला गेला आणि तो थेट १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. याच निबंधावर १९१६ मध्ये केंब्रिजची पदवी मिळाली. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व.

न लिहिलेल्या पायऱ्यांचे काय झाले?

२६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले. १९२७च्या निबंधसंग्रहात ३७ निबंध आहेत. वह्यांतली सूत्रे त्यात नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये त्या वह्या हस्ताक्षरासह जशाच्या तशा छापल्या. त्यातील विधानांच्या सिद्धता मांडायला अमेरिकी गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांना १९८५ ते १९९८ या काळात पाच खंड लागले. अखेरच्या वर्षातील सुटी पाने १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांना केंब्रिजमध्ये सापडली. त्यांवरचा पाचवा खंड २०१८ मध्ये आला.